गरोदरपणातली साखर: १४८ या आकड्याचा अर्थ काय?

गेल्या महिन्यात एका दुपारी भाचीनं लॅबच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. एका आकड्याभोवती पेनानं गोल केलेला आणि खाली तिचा प्रश्न, "मावशी, आता काय?" आकडा होता १४८. भाची सिंहगड रोडला राहते. तिला सव्विसावा आठवडा चालू होता आणि डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलं होतं. संध्याकाळपर्यंत घरात प्रत्येकाचं मत देऊन झालं. आंबे फार खाल्लेस. आमच्याकडे कुणालाच साखर नाही, लॅबवाल्यानं घोळ घातला असणार. आमच्या वेळी कुठं होत्या असल्या टेस्ट, झालीच ना मुलं? आणि भाचीच्या मनात एकच, की मी माझ्या बाळाचं काहीतरी वाईट केलं.

नाही केलं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं शांत डोक्यानं वाचता यायला हवं. मी डॉक्टर नाही. पण ११ वर्षांपूर्वी माझ्याही रिपोर्टमध्ये असाच आकडा आला होता आणि तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. त्या वेळी एक गोष्ट मला कुणी सांगितली नाही आणि ती पुढं महागात पडली. तीही सांगते, पण आधी हा आकडा समजून घेऊ.

१४८ म्हणजे कशाचे?

गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून प्यायला देतात. ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. तेव्हा १०० मिली रक्तात किती मिलिग्रॅम साखर आहे, तो हा आकडा. तो १४० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर 'जेस्टेशनल डायबेटीस' म्हणतात, म्हणजे गरोदरपणात पहिल्यांदा लक्षात आलेला मधुमेह. फाइलवर नुसतं 'जीडीएम' लिहिलेलं असतं. मी इथून पुढं 'गरोदरपणातली साखर' असंच म्हणेन.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही टेस्ट प्रत्येक गरोदर बाईची करायची असते, आणि तीही दोनदा. नाव नोंदवायला पहिल्यांदा जाते तेव्हा एकदा, आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. उपाशीपोटी येण्याची अट नाही. लांबच्या गावाहून एसटीनं येणाऱ्या बाईला दुपारपर्यंत उपाशी ठेवणं बरोबर नाही, हा विचार त्यामागं आहे. काही डॉक्टर मात्र दुसरी पद्धत वापरतात. त्यात उपाशीपोटी एकदा, ग्लुकोज प्यायल्यावर एक तासानं आणि मग दोन तासांनी असं तीन वेळा रक्त घेतात आणि मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३ अशा असतात. त्यामुळं मैत्रिणीचा रिपोर्ट शेजारी ठेवून "तिला १५० ला नॉर्मल सांगितलं, मला १४८ ला का नाही?" असं करू नका. दोघींची टेस्ट वेगळी असू शकते.

ग्लुकोज प्यायल्यावर मळमळतं, काहींना उलटी होते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. त्यानंतर झाली तर टेस्ट पुढं चालू ठेवतात.

एवढी साखर एकदम पोटात गेल्यानं बाळाला काही होईल का, ही भीती पुष्कळ जणींना असते. तीन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला, तर त्यातून शेवटी जवळपास तेवढंच ग्लुकोज रक्तात उतरतं. फरक इतकाच की जेवणातलं हळूहळू उतरतं आणि हे भरभर. शरीर त्या घाईला कसं तोंड देतं, हेच तर बघायचं असतं.

आणि एक. "माझी तीन महिन्यांची साखर नॉर्मल आहे" असं म्हणून ही टेस्ट टाळू नका. तीन महिन्यांच्या सरासरीची ती रक्ततपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. गरोदरपणात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा लवकर बदलतात, शिवाय आपल्याकडे अनेकींना रक्त कमी असतं. त्यामुळं या काळात तो आकडा फसवा असू शकतो.

वार, व्हॉल्व्ह आणि पंप

पुण्यात राहणाऱ्याला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. खडकवासल्याहून पाणी येतं, पण ते सगळीकडे सारख्या जोरानं पोचत नाही. महापालिकेचा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, जवळच्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो, आणि मग चढावरच्या गल्लीला पाणी मिळतं. जवळच्या गल्लीतल्या सोसायट्यांना आपल्या टाक्या भरायला मग पंप जास्त जोरानं, जास्त वेळ चालवावा लागतो.

गरोदरपणात अगदी असंच होतं. पाणी म्हणजे रक्तातली साखर. जवळची गल्ली म्हणजे आईचे स्नायू आणि बाकीचं शरीर. चढावरची गल्ली म्हणजे बाळ. आणि चावी फिरवणारा माणूस म्हणजे वार. बाळंतपणात बाळापाठोपाठ पडते ती वार आपण फक्त बाळाला पोसणारी म्हणून ओळखतो. पण ती स्वतः हार्मोन्स तयार करते, आणि त्यातली काही हार्मोन्स आईच्या शरीराला सांगतात की तू साखर जरा कमी उचल, बाळासाठी राहू दे. ही काही बिघडलेली गोष्ट नाही. निसर्गानं बाळाची केलेली सोय आहे ती.

आता आईचा पंप. तो म्हणजे स्वादुपिंड, पोटाच्या मागं असलेली ग्रंथी. तिथून इन्सुलिन येतं, आणि इन्सुलिनच्या जोरावर साखर रक्तातून स्नायूंत शिरते. वारेनं व्हॉल्व्ह आवळला की तेच काम करायला शेवटच्या महिन्यांत दुप्पट-अडीचपट इन्सुलिन लागतं. बहुतेक बायकांचा पंप तेवढा जोर लावतो आणि कुणाला काही कळतही नाही. काहींचा पंप मुळातच थोडा लहान असतो. मग टाकी भरत नाही आणि पाणी पाइपातच तुंबतं. तुंबलेल्या पाण्याचा आकडा म्हणजे १४८.

वार जसजशी मोठी होते तसतसा तिचा जोर वाढतो, म्हणून दुसरी टेस्ट सहाव्या महिन्याच्या सुमारास. पहिल्या खेपेला सगळं ठीक होतं आणि आता कसं काय आलं, याचं उत्तर हेच.

म्हणून आंब्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. आज पाइपात किती पाणी आलं ते आंब्यांवर ठरेल. पंप केवढा आहे ते आंब्यांनी ठरत नाही. ते ठरतं घराण्यावरून, वयावरून, आधीच्या वजनावरून, पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास, होता का यावरून, आणि आपण कोणत्या मातीतले आहोत यावरूनही.

"पण मी बारीक आहे, आणि आमच्याकडे कुणालाच नाही"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुण्याचाच मोठा वाटा आहे, आणि पुण्यात राहून ते फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं.

१९९३ मध्ये रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर बायका काय खातात, किती कष्ट करतात, बाळं केवढी होतात, हे त्यांनी मोजलं आणि ती मुलं मोठी होत असताना पुढंही मोजत राहिले. या आया शेतात राबणाऱ्या, सडपातळ, उंचीनं बेताच्या. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साधारण ३.५ किलो. इथवर नवल नाही. पण मोजमापं नीट बघितली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते, आणि कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं तितकी कमी नव्हती. वजन कमी, तरी अंगात चरबीचं प्रमाण जास्त. डॉ. याज्ञिकांनी याला 'थिन-फॅट' बाळ म्हटलं, म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीचं.

हे समजलं की आपल्याकडच्या बारीक दिसणाऱ्या मुलीलाही साखर का होते ते उलगडतं. स्नायू म्हणजे साखर साठवायची टाकी. टाकी लहान आणि चरबी जास्त, तर वजनकाटा ५२ किलो दाखवत असला तरी पंपावर ताण येतोच. दक्षिण आशियातल्या बायकांना हा धोका युरोपातल्या बायकांपेक्षा जास्त आहे, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. भारतात दहा गरोदर बायकांमागं साधारण एकीला, कदाचित थोडं जास्तच, ही साखर सापडते. म्हणून आपल्याकडे जाड-बारीक असं न बघता सगळ्यांचीच टेस्ट करतात.

याच गावांतली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची बाळं जास्त भरलेली होती. आणि कित्येक आयांच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं, भाजीपाल्यातून नाही. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही असं दिसलं. याचा अर्थ फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची, असा अजिबात नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती लागतेच. पण तुम्ही शाकाहारी असाल तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल आपणहून विचारा.

राहिलं "आमच्याकडे कुणालाच नाही". एकच विचारा: कुणाची तपासली होती?

बाळापर्यंत नेमकं काय जातं?

१९५० च्या दशकात डेन्मार्कमधल्या योर्गेन पेडरसन या डॉक्टरांनी एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणजे वाण्याकडून जास्तीचा माल तर घरी येऊन पडतो, पण तो लावून ठेवणारं माणूस बरोबर येत नाही. बाळाला ते काम स्वतः करावं लागतं, म्हणून बाळाचं इवलंसं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करायला लागतं. आणि पोटातल्या बाळासाठी इन्सुलिन हे वाढीचंही हार्मोन आहे. बाळ खांद्यांत, पोटात चरबीनं भरत जातं.

याचे परिणाम ओळीनं सांगते, घाबरवायला नाही. बाळ मोठं झालं की प्रसूतीच्या वेळी डोकं बाहेर येऊन खांदा अडकण्याची भीती असते. आईचं ब्लड प्रेशर वाढण्याची शक्यता वाढते, गर्भजल जास्त होऊ शकतं. आणि नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एका क्षणात थांबते, पण बाळाचं इन्सुलिन तसंच जोरात असतं. त्यामुळं जन्मानंतरच्या पहिल्या तासांत बाळाची साखर एकदम खाली येऊ शकते. अशा बाळाच्या टाचेला टोचून पुन्हा पुन्हा रक्त का घेतात, ते यावरून कळेल. पहिल्या तासातच अंगावर पाजायला घ्या असं सांगतात, त्याचंही हे एक कारण.

बाळ मधुमेह घेऊन जन्माला येतं का? नाही. बाळाच्या अवयवांत दोष राहतात का? तो धोका असतो तो दिवस जाण्याआधीपासूनच साखर खूप वाढलेली असेल तेव्हा, कारण अवयव पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतात. पहिल्या भेटीतली टेस्ट त्यासाठीच आहे. सहाव्या महिन्यात पहिल्यांदा सापडलेल्या साखरेची गोष्ट वेगळी.

"१४० च्या वर आठच तर आहे, एवढं काय?" हे भाचीच्या नवऱ्यानं विचारलं आणि प्रश्न रास्त आहे. २००८ मध्ये नऊ देशांतल्या साधारण २५ हजार गरोदर बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की साखर जसजशी वाढते तसतसा धोका थोडा-थोडा वाढत जातो. एखाद्या ठरावीक आकड्याला दरी लागते आणि अलीकडे सपाट जमीन, असं नाही. सिंहगडाच्या वाटेसारखा सलग चढ आहे तो. १४० ही त्या वाटेवर माणसांनी लावलेली एक पाटी. मग थोड्याशा वाढलेल्या साखरेवर उपचार करून फरक पडतो का? मुख्यतः ऑस्ट्रेलियात हजार बायकांवर हे तपासलं गेलं, २००५ मध्ये निकाल आला. अर्ध्या जणींना आहाराचा सल्ला, साखरेची तपासणी आणि लागलं तर इन्सुलिन दिलं, बाकीच्यांना नेहमीची देखभाल. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं अशा गंभीर गोष्टी नेहमीच्या देखभालीत शंभरात चौघींच्या बाबतीत घडल्या, उपचार घेतलेल्यांत एकीच्या. दोन्ही गोष्टी या आकड्यांत आहेत: काही न करताही बहुतेकींचं ठीक झालं, आणि केल्यानं नक्की फरक पडला.

ताटात काय ठेवायचं, काय उचलायचं

आधी काय करायचं नाही ते. उपाशी राहायचं नाही. रिपोर्ट आला की काही मुली भात बंद, पोळी बंद, रात्री नुसतं सूप असं सुरू करतात. भाचीनं दोन दिवस तेच केलं. गरोदरपणात पोटभर न खाल्ल्यास शरीर चरबी जाळायला लागतं, आणि त्यातून तयार होणारे कीटोन बाळासाठी चांगले नाहीत. चतुर्थी, एकादशी, गुरुवार हे उपास या काळात सोडून द्यावेत, तेही याचसाठी. शिवाय आपला उपास म्हणजे साबुदाणा आणि बटाटा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोजच होतं.

'दोन जिवांचं खा' हे आपल्या आज्यांनी सांगितलं ते प्रेमानं, आणि त्यांच्या काळात बाईच्या वाट्याला शेवटी उरलेलं यायचं म्हणून गरजेनंही. आज त्याचा अर्थ दुप्पट नाही, दुप्पट चांगलं असा घ्यावा.

सगळ्यात अवघड वेळ सकाळची. पहाटे शरीरातली काही हार्मोन्स वाढलेली असतात, त्यामुळं तोच पदार्थ सकाळी खाल्ला तर साखर जास्त चढते आणि दुपारी खाल्ला तर कमी. आणि पुण्यातली सकाळ कशी असते? पोहे, वर साखरेचा चहा, चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं. भाचीला ग्लुकोमीटर आणल्यावर, म्हणजे बोटाला टोचून घरीच साखर बघायचं यंत्र, पहिला धक्का बसला तो पोह्यांचा. रात्रीचं वरण-भात-भाजी खाऊन आकडा ठीक, आणि सकाळच्या एका बशीनं १५१. मग तिनं पोहे निम्मे केले, त्यात दाणे आणि मोड आलेली मटकी वाढवली, बरोबर एक उकडलेलं अंडं. आकडा ११६ वर आला. काही सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, काही सकाळी कांदा-कोथिंबिरीचं थालीपीठ.

तत्त्व एकच आहे. भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा यांचं ग्लुकोज होतं. ते एकटं पोटात जाऊ द्यायचं नाही. बरोबर डाळ, उसळ, दही, पनीर, अंडं, मासे यांतलं काहीतरी, आणि भरपूर भाजी. एका बैठकीला मोठं जेवण घेण्यापेक्षा तीन बेताची जेवणं आणि मध्ये दोन-तीन छोटी खाणी. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, पण 'भाकरी आहे म्हणून कितीही' हे चुकीचं. गूळ, मध, खजूर ही साखरेचीच भावंडं. फळ चालतं, रस नाही. एक मोसंबं चावून खाणं आणि चार मोसंब्यांचा ग्लास घटाघट पिणं यात खूप अंतर आहे. आंबाही पूर्ण बंद नाही. दोन फोडी, आणि जेवणाला जोडून नको, मधल्या वेळी, मूठभर दाण्यांबरोबर.

जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायचं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर यासारखं औषध नाही, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतो. सोसायटीच्या आवारातल्या चार फेऱ्याही पुरतात.

गाठायचे आकडे असे: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर एक तासानं १४० च्या खाली, किंवा दोन तासांनी १२० च्या खाली. वेळ पहिल्या घासापासून मोजायची, हात धुतल्यापासून नाही.

आता डोहाळजेवण. ते सातव्या महिन्यात, आणि टेस्ट सहाव्याच्या शेवटी, म्हणजे कित्येक घरांत रिपोर्ट आणि पंगत एकाच महिन्यात येतात. ते रद्द करू नका. ओटीभरण, फुलांची वाडी, झोपाळा, गाणी हे सगळं आईच्या मनासाठी आहे आणि ते तिला मिळायला हवं. फक्त सुरुवात गोडानं करायची नाही. आधी कोशिंबीर, उसळ, भाजी, मग आपल्याला सगळ्यात आवडणारा एकच गोड पदार्थ, निम्मा. आणि आग्रह करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं. भाचीच्या सासूबाईंनी पाच गोडांतले तीन काढून अळूवडी, कोथिंबीरवडी आणि मटकीची उसळ घातली, आणि पाहुण्यांत कुणाला काही कमी पडल्याचं जाणवलंही नाही.

इन्सुलिन सुरू करायला सांगितलं तर?

दोन आठवडे आहार नीट सांभाळूनही जेवणानंतर दोन तासांचा आकडा १२० च्या वर राहिला, तर सरकारी सूचनांप्रमाणे औषध सुरू करतात. इथं बायका खचतात. एवढं पाळलं तरी जमलं नाही, असं वाटतं. तुम्ही पाळलंत, पण वारेनं व्हॉल्व्ह जास्त आवळला आणि पंप पुरेना. बाहेरून थोडा जोर लावला, एवढंच.

इन्सुलिनची सवय लागते, ही भीती खरी नाही. ते आपल्याच शरीरात बनणारं द्रव्य आहे आणि ते वारेतून बाळाकडे जात नाही. म्हणूनच गरोदरपणात त्याच्यावर इतका भरवसा. वार पडली की बहुतेकींचं इन्सुलिन बंद होतं, अनेकींचं तर त्याच दिवशी. मेटफॉर्मिन नावाची गोळी काही डॉक्टर २० आठवड्यांनंतर देतात. ती मात्र बाळापर्यंत पोचते. तुमच्यासाठी कोणतं योग्य ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

सिझेरियनच करावं लागेल, असंही नाही. साखर ताब्यात असेल आणि बाळ बेताचं असेल तर नैसर्गिक प्रसूतीत या आजाराची आडकाठी नाही.

खर्चाची काळजी असेल तर पुण्यात सरकारी ससून रुग्णालय किंवा महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. शिवाय २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते.

बाळ झालं, साखर गेली, मग संपलं ना?

इथं मी चुकले.

मी बाळंतपणाला माहेरी साताऱ्याला गेले. पुण्यातली फाइल पुण्यात, डॉक्टर पुण्यात. मुलगी झाली, दुसऱ्या दिवशी नर्सनं बोटाला टोचून सांगितलं, "साखर नॉर्मल आहे हो ताई." आईनं देवापुढं साखर ठेवली. सव्वा महिना शिरा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. पुण्याला परतले तेव्हा हातात तान्हं मूल होतं, आणि माझ्या रक्ताचा विचार मी केला नाही, मला कुणी आठवणही करून दिली नाही. चार वर्षांनी ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १३८ आली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गरोदरपणात होती का?" मधल्या त्या चार वर्षांत किती काळ ती वाढत होती, कुणास ठाऊक.

आता पुन्हा तो पंप आठवा. वार पडली, व्हॉल्व्ह उघडला, पाणी मोकळं झालं. पण पंप तोच राहिला. गरोदरपण ही त्याची कसोटी होती आणि त्यात तो कमी पडताना दिसला. पुढं वय वाढलं, वजन वाढलं, की तो पुन्हा कमी पडू शकतो. गरोदरपणात साखर झालेल्या बाईला पुढं कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या मानानं सात ते दहा पट असतो. आणि या गोष्टीची दुसरी बाजू फार मोलाची आहे: बहुतेकांना मधुमेह कळतो तो होऊन गेल्यावर. आपल्याला तो कित्येक वर्षं आधी सांगून येतो. वजन आटोक्यात ठेवणं, चालणं, अंगावर पाजणं, यांनी तो लांबवता येतो, काहींना टाळताही येतो.

त्यासाठी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच ग्लुकोजची टेस्ट पुन्हा करायची असते, या वेळी उपाशीपोटी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह. दोन तासांची १४० ते १९९ मध्ये असेल तर मधुमेहाचा उंबरठा. ठीक आली तरी दर वर्षी एकदा तपासायचं, आणि पुढच्या खेपेला दिवस राहण्याआधीच.

ही टेस्ट निसटते ती आपल्या रीतींच्या फटीतून. माहेर, सव्वा महिना, बदललेला डॉक्टर, आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. पण त्याच सुमारास एक गोष्ट कुठल्याही घरात चुकत नाही, ती म्हणजे बाळाची दीड महिन्याची लस. बाळाला लस द्यायला जाल त्याच सकाळी आईनं चहा न घेता निघावं. दोन्ही कामं एका फेरीत होतात, आणि त्या दोन तासांत बाळाला अंगावर पाजायलाही हरकत नाही.

भाचीनं माता-बाल संरक्षण कार्डावर दीड महिन्याच्या लसीच्या रकान्याशेजारी पेनानं लिहून ठेवलंय, 'आईची ग्लुकोज टेस्ट'. ती बाळंतपणाला नाशिकला जाणार आहे, म्हणून तिच्या आईला, माझ्या बहिणीला, कार्डाचा फोटोही पाठवलाय. लॅबमध्ये ते दोन तास बाळाला मांडीवर घेऊन बसायला तिच्या सासूबाई पुण्याहून जाणार आहेत.